गच्चीच्या किल्ल्या

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन तापू लागले म्हणजे ज्या महाराष्ट्रात कोकणातल्या सारवलेल्या खळ्यांत, देशावरच्या माळवदांवर आणि शहरांतल्या वाड्यांच्या चौकांत बाजा, चटया व जुनी धोतरे अंथरली जात, त्याच महाराष्ट्राच्या नागरी वस्तीत अलीकडे त्या ऋतूची खूण म्हणून गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर एक कागद डकवलेला दिसतो. आणि त्यावर समितीच्या हुकुमावरून तमाम सभासदांस कळविलेले असते की, गच्चीवर कपडे, पापड, फळे अथवा अन्य कोणतेही वाळवण घालण्यास सक्त मनाई असून गच्चीचे दार यापुढे कुलूपबंद राहील. कागद क्षुल्लक असतो, भाषा मात्र मामलेदार कचेरीला शोभेल अशी करारी असते. फळे घरी सुकवून साठविण्याची विद्या आपल्या हातून का निसटत चालली आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर आता कोणाला वेळ आहे, असे उत्तर देऊन मंडळी मोकळी होतात, आणि ऐकणाराही समंजसपणे मान डोलावतो. मला हे निदान अपुरे वाटते. वाळवणाला माणसाचे हात सकाळी घटकाभर आणि संध्याकाळी घटकाभर लागतात. मधला सारा दिवस काम करीत असते ते ऊन, आणि त्या उन्हाला उतरायला चार हात मोकळी, वाहत्या वाऱ्याची, कोणाच्या पायाखाली न येणारी जागा लागते. वेळ आपल्यापाशी थोडा उरला असेल, पण जागा आपल्यापासून रीतसर ठराव करून काढून घेण्यात आली आहे, आणि ती परत मागण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, फळ सुकविणे म्हणजे ते उन्हात टाकून विसरून जाणे नव्हे. प्रत्येक प्रांताने आपापल्या हवेचा स्वभाव ओळखून त्यासाठी निरनिराळी युक्ती बसविली आहे. कोकणात ऊन प्रखर असले तरी समुद्राच्या सान्निध्यामुळे हवेत ओल भरलेली असते, आणि ओल्या हवेत जाड गराचे फळ सुकण्याच्या आधी आंबते. म्हणून कोकणाने फळ अखंड सुकविण्याचा हट्ट फारसा धरला नाही. कुठे त्याचा रस काढून पातळ थरांत पसरला, कुठे गर टाकून नुसती साल राखली, कुठे पातळ फोडी करून त्यांना मीठ चोळले, आणि जे काम कोरड्या वाऱ्याने करावयाचे ते मिठाकडून, आंबटपणाकडून व थराच्या पातळपणाकडून करवून घेतले. याउलट सांगली-तासगावच्या बाजूला वारा इतका कोरडा की, तेथे द्राक्ष अख्खेच सुकते, तेही थेट उन्हात न ठेवता सावलीत. हवेचा हा हिशेब कोणी पुस्तकात मांडून ठेवलेला नव्हता. तो परातींच्या आणि सुपांच्या आकारात, थराच्या जाडीत आणि मिठाच्या मुठीत साठविलेला होता.

या सर्व विद्येचा कळस मला आमसुलात दिसतो, आणि म्हणून त्याजपाशी थोडे अधिक रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागतात ती ऐन वैशाखात, म्हणजे आभाळात वळिवाचे ढग जमू लागतात त्याच सुमाराला. तेव्हा हे काम पहिल्या दिवसापासून पावसाशी लावलेल्या शर्यतीचे असते. लाल-जांभळी फळे फोडून बियांसकट गर एका भांड्यात काढावयाचा, त्यावर मीठ घालावयाचे, आणि साली उन्हात पसरावयाच्या. मिठाने गराला पाणी सुटते, तेच आगळ. एखाद्या नवख्याला वाटेल की साली वाळल्या म्हणजे काम झाले, परंतु खरे कौशल्य येथूनच सुरू होते. दिवसभर उन्हात सुकलेली साल रात्री त्या आगळात बुडवावयाची, सकाळी पुन्हा उन्हात घालावयाची, आणि असे पुटांमागून पुट देत राहावयाचे, म्हणजे फळातले पाणी तेवढे उडून जाते आणि त्याचा रंग, त्याची आंबटी व मीठ सालीतच मुरून बसते. कच्च्या पुटाचे आमसूल फिक्या रंगाचे आणि पातळ असते, ते श्रावणातच मान टाकते. पुरत्या पुटांचे आमसूल काळसर, मऊ आणि चिवट असते, आणि वर्ष उलटले तरी आमटीत टाकताच आपला अंमल दाखविते. भांडे मात्र पितळेचे वा ॲल्युमिनियमचे चालत नाही. या आंबटीपुढे ते टिकत नाही आणि रसालाही बाध येतो. मातीचे, चिनी मातीचे, नाही तर आजकालचे स्टीलचे घ्यावे.

बाजूला राहिलेल्या बियाही वाया जात नाहीत. त्या धुऊन, वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या म्हणजे वर जी चरबी तरंगते ती गोळा करून मुठीने वळतात, आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी तो पांढुरका गोळा घराच्या कोनाड्यात वर्षभर पडून असतो. एकाच फळाचे आमसूल, आगळ आणि तेल, शिवाय साखर घालून बरणीत उन्हाला ठेवलेले अमृतकोकम: हे सारे करण्यासाठी विस्तव लागला तो फक्त बियांपुरता. पावसाची धास्ती मात्र कोणालाच चुकली नाही, आणि ती दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही ओळखलेली आहे. कारण कोकमाची 'कोकण अमृता' ही जी जात तेथे निवडण्यात आली तिच्या गुणांत, पावसाळ्यापूर्वी फळ हाती लागते, हा एक गुण आवर्जून सांगितला जातो.

आंब्याची गोष्ट याहून सर्वश्रुत आहे, परंतु तिच्यातला अर्थशास्त्रीय भाग सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. साठे, म्हणजे आंबापोळी, घातले जाई ते हापुसाचे नव्हे. हापूस हे बाजाराचे फळ. पेटीत भरून त्याने मुंबईस जावे आणि कुळाचे कर्ज फेडावे, अशीच त्याची योजना. घरासाठी असे तो रायवळ, म्हणजे बांधावर, परड्यात, देवळामागे आपोआप वाढलेल्या झाडांचा, ज्याला ना ठरावीक नाव ना ठरावीक चव, ज्याचा रस पातळ व धागेदार, आणि जो एकाच आठवड्यात इतका उतरतो की, खाऊन संपणे अशक्य. त्याचा रस गाळून, तेलाचा हात फिरवलेल्या ताटांत पातळ पसरावयाचा, तो सुकला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा, आणि पोळी ताटापासून सुटू लागली की उलटून पुन्हा ऊन द्यावयाचे. कैऱ्यांच्या सालपटे काढलेल्या फोडींना मीठ लावून कडकडीत वाळविले की आंबोशी झाली. बरक्या फणसाचा गर असाच चाळणीवर घासून पोळ्या घालीत. काप्याचे गरे तळणीत जात. आणि आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ढीग घालून ठेवीत, त्या पावसात चुलीत भाजण्यासाठी. आता ज्या रायवळाला बाजारात गिऱ्हाईक नाही त्याला घरातही जागा उरली नाही, तर ते झाड कोणी कशासाठी राखावे? खोक्यांच्या फळ्यांसाठी आंब्याचे लाकूड विकत घेणारा व्यापारी दारात उभाच असतो. शहरातल्या माणसाने आपली आंबापोळी दुकानातून आणली, तिच्यात साखर किती आणि रस किती याचा विचार केला नाही, एवढ्याने कोकणातली झाडे पडतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु बाजारात न खपणाऱ्या फळाला जिवंत ठेवणारी जी घरगुती मागणी असते ती याच वाळवणातून उत्पन्न होत होती, आणि ती आटली की कलमांव्यतिरिक्त दुसरे झाड लावण्याचे प्रयोजन संपते, हे मला नाकारता येत नाही.

वसईचे सुकेळे हे याचेच दुसरे उदाहरण आहे, आणि ते अधिक खिन्न करणारे आहे. वसईच्या वाड्यांतली राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसा ऊन व रात्री झाकण असे करीत सुकवीत, आणि मधाच्या रंगाची, दाट गोडीची ती सुकेळी अर्नाळा-आगाशीच्या बाजूने मुंबईत येत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी आगाशीच्या सुक्या केळ्यांना जिल्ह्यात अग्रस्थान दिलेले आहे. राजेळी हे खर्चिक झाड. त्याला पाणी, खत आणि धीर लागतो. आणि सुकेळ्यांना लागते मोकळी, धूळ नसलेली वाडी. वाड्यांच्या जागी इमारती आल्या तेव्हा केळीबरोबर तिचे वाळवणही गेले, आणि ज्या इमारती त्या जागी उभ्या राहिल्या त्यांच्या गच्च्यांवर आता कुलपे आहेत. आज सुकेळी मिळतात ती ओळखीच्या घरातून, आगाऊ सांगून, आणि जो भाव पडेल तो मुकाट्याने देऊन.

देशावरच्या बेदाण्याने मात्र दुसरी वाट धरली. तो घरातून उठून कारखान्यात न जाता रानातल्या मोकळ्या माळावर गेला. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा जो अदृश्य लेप असतो तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून, जाळ्यांच्या मजल्यांवर मजले असलेल्या शेडमध्ये सावलीत पसरतात, आणि दोनएक आठवड्यांत माळावरचा वारा उरलेले काम करतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तासगाव आणि सांगलीला त्याचे सौदे होतात, आणि २०१६ साली सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक निर्देशांकही मिळाला. या उद्योगाने जिल्ह्याचे कल्याण केले, यात वाद नाही. पण बाजाराला पिवळा, झळझळीत दाणा लागतो आणि त्यासाठी गंधकाची धुरी द्यावी लागते. ती कायद्याच्या मर्यादेत असली तरी दम्याच्या रोग्याला बाधू शकते, आणि ज्याला आपल्या नातवंडांच्या हातावर बिनगंधकाचा, तपकिरी, काहीसा ओबडधोबड बेदाणा ठेवावयाचा असेल त्याला तो घरी करण्यास काहीच अडचण नाही. बिनबियांची द्राक्षे उकळत्या पाण्यात, सालीला चरा पडेपर्यंतच, बुडवून काढावी आणि जाळीवर पसरावी. अडचण असलीच तर जाळी ठेवण्याच्या जागेची.

येथे शास्त्राचा जो भाग आहे तो फार थोडा आहे आणि तो सांगून टाकलेला बरा. ताज्या फळात शेकडा ८० ते ८५ भाग पाणी असते. बेदाण्यात ते १५ च्या आसपास येते. बुरशी आणि किण्व यांना फळ नको असते, फळातले मोकळे पाणी हवे असते. ते एका मर्यादेखाली उतरले, किंवा मिठाने अगर साखरेने बांधून ठेवले, की त्यांचा इलाज चालत नाही. घाई करून पहिल्याच दिवशी प्रखर उष्णता दिली तर फळाची पाठ कडक होते आणि आतली ओल कोंडून राहते, व असा तुकडा वरून खडखडीत दिसूनही महिन्याभरात आतून कुजतो. म्हणून आरंभी वारा जास्त व ताप बेताचा असावा, आणि अखेरीस ऊन कडक असावे. सुकलेला माल त्याच संध्याकाळी बरणीत ठासून भरणे हाही उतावळेपणाच होय. काचेच्या बरणीत तो दोन तृतीयांश सैल भरावा, आठवडाभर रोज हलवावा, आणि काचेवर आतून दव धरलेले दिसले तर तक्रार न करता सगळे पुन्हा उन्हात न्यावे. आमच्या वडीलधाऱ्या बायका बरणीला दादरा बांधून ती काही दिवस पुढ्यात ठेवीत आणि मगच फडताळात सारीत, त्यामागे हेच कारण होते, जरी ते त्यांनी या शब्दांत कधी सांगितले नसेल. किड्यांची अंडी उन्हाने मरतातच असे नाही. ज्यांच्या घरी फ्रीजर आहे त्यांनी बरणी भरण्यापूर्वी माल दोन दिवस त्यात ठेवल्यास पुढे अळ्यांचे दर्शन घडत नाही. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, उन्हात सुकलेल्या फळातले क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. आवळासुपारी खाऊन ताज्या आवळ्याचे सर्व पुण्य पदरात पडते, अशी जाहिरात कोणी करू नये. तिच्यात स्वाद आहे, पाचकपणा आहे, टिकाऊपणा आहे, तेवढे पुरे.

अशा घरगुती साठवणीकडे अधिकाराच्या गादीवर बसलेली मंडळी नेहमीच काहीशा संशयाने पाहत आली आहेत. १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांविषयी कायदा केला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत ती फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध घातले. मोह हे फळ नव्हे, फूल आहे, तरी त्याचे वाळवण फळाच्याच रीतीचे. आदिवासींच्या घरात ते दुष्काळातल्या दिवसांची शिदोरी असते. सरकारला त्यात दारू दिसली, अबकारीचे बुडणारे उत्पन्न दिसले, आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले अन्न हा गुन्ह्याचा मुद्देमाल ठरला. स्वराज्यातल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरची नजर काढली नाही. निर्बंध सैल होण्यास पुढे कित्येक दशके लागली. गृहनिर्माण संस्थेच्या समितीची तुलना त्या सरकारशी करणे हे समितीवर अन्याय करणारे आहे, हे मी मान्य करतो. तथापि दोहोंच्या मनोवृत्तीत एक धागा समान आहे: माणसाने आपल्या वर्षाची बेगमी आपणच करावी, ही गोष्ट अधिकाऱ्यास अव्यवस्था वाटते, आणि त्याने ती दुकानातून विकत आणली म्हणजे व्यवस्था वाटते.

आता गच्चीच्या मालकीचा मुद्दा पाहू. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यापासून आजपर्यंतची दिशा एकच आहे की, इमारतीचे सामाईक भाग हे विकासकाचे नव्हेत, तेथे राहणाऱ्यांचे आहेत. आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तर सामाईक जागांच्या व्याख्येत गच्चीचा उल्लेख नावानिशी केला आहे. म्हणजे ज्या दाराला कुलूप लावले जाते ते दार कुलूप लावणाऱ्याइतकेच तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा काकूंचेही आहे. संस्थांच्या आदर्श उपविधींत समारंभासाठी गच्ची तात्पुरती वापरू देण्याची तरतूद आहे, आणि त्या तरतुदीचा लाभ घेऊन बारशी, वाढदिवस व कोजागिरीचे मसाला दूध तेथे यथासांग पार पडते. मोबाइल कंपनीचा मनोरा तेथे उभा राहतो, कारण त्याचे भाडे येते. अलीकडे विजेसाठी सौर पॅनेल बसतात, त्यांस सरकारी अनुदान मिळते, आणि ते योग्यच आहे. एवढ्या सगळ्यांना जी गच्ची पुरते ती परातभर आमसुलांनी मात्र विद्रूप होते, हे गणित मला उलगडत नाही. तेच ऊन पॅनेलवर पडले तर प्रगती आणि ताटावर पडले तर गबाळेपणा, असा भेद आपण कधी व कोणत्या सभेत मंजूर केला?

समितीची बाजू सर्वस्वी पोकळ आहे असे मात्र नाही, आणि ती न ऐकता निकाल देणे बरे नव्हे. गच्चीवरच्या गळतीरोधक थरावर माणसांची वर्दळ वाढली की सर्वांत वरच्या मजल्यावर आषाढात भिंती पाझरतात, आणि त्याचा खर्च सर्वांच्या माथी बसतो. आमसुलाचा खारट-आंबट रस सिमेंटवर सांडला तर डाग तर पडतातच, शिवाय गिलाव्याचा पापुद्राही सुटतो. कबुतरांनी पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर जो अंमल बसविला आहे त्याची घाण उघड्या ताटात पडणे ही किळसवाणीच नव्हे, रोगाला आमंत्रण देणारी गोष्ट आहे. रस्त्यावरची धूळ आणि बांधकामांची भुकटी तर बारमाही. या हरकती खऱ्या आहेत, पण त्यांपैकी एकीचेही उत्तर कुलूप हे नाही. पायांवर उभी बाज किंवा लोखंडी मांडणी, तिच्यावर चहूबाजूंनी बारीक जाळी मारलेली चौकट, आणि शक्य असेल तेथे वर तिरकी काच व खालीवर वाऱ्याची भोके ठेवलेली लाकडी पेटी एवढ्याने कबुतर, धूळ आणि जमीन या तिन्हींपासून माल अलग राहतो, शिवाय पेटीत ऊन अधिक तापते ते वेगळेच. सुतार हे काम दोन दिवसांत करून देतो, आणि अशी मांडणी संस्थेने एकदा करून घेतली तर तिचा खर्च दिवाळीच्या रोषणाईहून जास्त होईल असे वाटत नाही.

विजेवर चालणारे सुकविण्याचे यंत्र घ्या आणि गच्चीचा नाद सोडा, असाही सल्ला मिळतो. ज्यांना परवडते त्यांनी ते अवश्य घ्यावे. पावसाळी प्रदेशात आणि परदेशी थंड गावांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना त्यावाचून गत्यंतर नाही. पण ५०० वॅटचे यंत्र बारा तास चालले म्हणजे सहा युनिट वीज जाते आणि त्यातून ताटभर फळ बाहेर येते; ज्या देशात चार महिने आकाशातून फुकट उष्णता कोसळत असते तेथे कोळसा जाळून आंब्याचा रस आटविणे यात मला शहाणपण दिसत नाही. शिवाय आमसुलाला रात्रीचे मुरणे हवे असते, आणि बंद पेटीतल्या अखंड उष्ण झोतात ती विश्रांती त्याला मिळत नाही.

एक हरकत याहून गंभीर आहे, आणि ती समितीकडून येत नाही. ती स्त्रियांकडून येते. वाळवणाच्या या साऱ्या कौतुकात, रातांबे फोडून हात लाल-काळे करून घेणारी, दुपारच्या दोन वाजता कावळे हाकण्यासाठी मुलांना दरडावीत उन्हात उभी राहणारी, आणि वळिवाचा पहिला थेंब पडताच जेवते ताट सोडून धावणारी बाई कोण होती, हे लेखक मंडळी सोयीस्करपणे विसरतात, असे जे म्हटले जाते ते खरे आहे. बेगमीचा मान घराला मिळे आणि श्रम तिच्या वाट्याला येत. ती आता कचेरीत जाते, आणि तिने पुन्हा बाज अंथरावी असा आग्रह ज्याला धरावयाचा असेल त्याने आधी स्वतःच्या खांद्यावर बाज घेऊन चार जिने चढून दाखवावे. निवृत्तीनंतर सकाळी गच्चीवर केवळ हातवारे करून व्यायाम करणारे जे असंख्य सद्गृहस्थ आपल्या इमारतींत आहेत, त्यांच्याइतका मोकळा वेळ आणि भक्कम मनगट दुसऱ्या कोणापाशी नाही. द्राक्षे जाळीवर पसरणे, दुपारी ती परतणे आणि संध्याकाळी पेटी झाकणे या कामात स्त्रीत्वाचे असे काय आहे, ते मला आजवर कोणी सांगितलेले नाही. बचत गटांतल्या ज्या स्त्रिया हे काम व्यवसाय म्हणून करतात त्यांची गोष्ट निराळी. त्यांना २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी, वेष्टन, तारखा असे सर्व सोपस्कार करावे लागतात, आणि त्यांनाही प्रथम लागते ती जागाच.

म्हणून मागणी आहे ती इतकी मर्यादित आहे की, तिला विरोध करण्यास समितीला बरीच कल्पकता खर्च करावी लागेल. होळीपासून मृग लागेपर्यंत गच्चीचे दार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडे असावे. टाकी, पॅनेल आणि मनोरा सोडून दक्षिणेकडचा एक पट्टा वाळवणासाठी आखून द्यावा आणि त्यात पाळी लावून जागा मिळावी. उघड्या ताटांना मज्जाव असावा, जाळीच्या चौकटी संस्थेने पुरवाव्या, खाली रस झिरपणाऱ्या मालासाठी पन्हाळी असलेली परात सक्तीची करावी, आणि नुकसान झाल्यास भरपाई ज्याच्या पाळीत झाले त्याने द्यावी. किल्ली चिटणीसांच्या खिशात राहू नये. ती रखवालदाराच्या वहीत सही करून कोणत्याही सभासदास मिळावी. वळीव आला तर कोणाचा माल कोणी उचलावयाचा, यावर भांडणे होणारच. तेव्हा जो प्रथम वर पोहोचेल त्याने सगळ्यांचे झाकावे, असा नियम लिहून ठेवावा.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात, आणि हे सर्व तेथेच मंजूर होऊ शकते; उन्हाळ्यात अर्ज करून समितीची बैठक भरेपर्यंत रातांबे संपलेले असतात. तेव्हा ज्यांना पुढल्या वैशाखात आंबापोळी घालावयाची आहे त्यांनी ठरावाचा मसुदा, एका सभासदाने सुचविलेला आणि दुसऱ्याने अनुमोदिलेला, याच पावसाळ्यात चिटणीसांच्या हाती द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि विषयपत्रिकेत तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, सभासद चहाला उठून गेल्यानंतर, वाचला जाणार नाही याची तजवीज करावी.